दस्तुरीपासून पुढे: माथेरानच्या हातरिक्षांचे प्रकरण

दस्तुरी नाक्यावर गाडी थांबते. नेरळहून घाट चढून आलेली टॅक्सी असो की घरची मोटार, इथून पुढे ती जात नाही. पुढचा अडीच-तीन किलोमीटरचा तांबड्या मातीचा रस्ता पायी कापायचा, नाहीतर घोड्यावरून, अमन लॉज स्टेशनवरून सुटणाऱ्या छोट्या गाडीने किंवा हातरिक्षात बसून. हातरिक्षात बसणारा एक असतो आणि ती चालवायला तिघे लागतात. एक जण दांड्यांच्या मधे उभा राहून ओढतो, दोघे मागून ढकलतात. उतार आला की तेच दोघे गाडी मागे खेचून धरतात, नाहीतर ती पुढच्याच्या अंगावर जाईल. पावसाळ्यात हाच रस्ता चिखलाचा होतो आणि गाडी ओढणाऱ्याचे पाय घोट्यापर्यंत रुततात.

हे प्रकरण त्या तिघांचे आहे. त्यांच्या जागी काय आणायचे, कोणी आणायचे आणि कोणाच्या नावावर करायचे, हे ठरवायला पाच हजारही वस्ती नसलेल्या एका गावाला दोन दशके का लागली, ते इथे टप्प्याटप्प्याने मांडले आहे. गावाचे नाव लपवण्यात अर्थ नाही, कारण मोटार चालत नाही असे महाराष्ट्रातले थंड हवेचे ठिकाण एकच आहे. माणसांची नावे मात्र घेतलेली नाहीत. ज्यांनी अर्ज केले, ज्यांनी विरोध केला आणि ज्यांनी सह्या केल्या, ते सगळे इथे आपापल्या भूमिकेनेच येतील.

पार्श्वभूमी

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहून हा डोंगर चढला आणि मुंबईकर साहेबांना उन्हाळ्यासाठी जवळची जागा मिळाली. १९०५ मध्ये इथे नगरपालिका झाली. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने बांधलेली दोन फुटी रुळांची रेल्वे नेरळहून वर आली, सुमारे २१ किलोमीटर वळणे घेत. साधारण ८०० मीटर उंचीवरच्या या पठारावर तेव्हापासून माणसे येतात, राहतात आणि पॉइंट बघून परततात. गावाचे पोट त्यांच्यावरच चालते. २०११ च्या जनगणनेत वस्ती साडेचार हजारांच्या आत होती. सलग सुट्ट्या आल्या की तेवढेच लोक, कधी त्याहून जास्त, एका दिवसात वर येतात.

स्थानिक संस्थेचे अधिकृत नाव माथेरान गिरिस्थान नगरपरिषद. महाबळेश्वर आणि पाचगणीलाही कायद्याने हाच दर्जा दिला आहे. नावात गिरिस्थान असले तरी हाताशी असलेली माणसे आणि पैसा लहान गावाच्या मापाचाच असतो. शिवाय गावावर एकट्या नगरपरिषदेचा अंमल नाही. जमिनीचे महसूल खात्याकडे जाते आणि त्यासाठी इथे स्वतंत्र अधीक्षकाचे कार्यालय आहे. झाडे वन खात्याची, रूळ मध्य रेल्वेचे. या सगळ्यांवर २००३ पासून पर्यावरणाची सनियंत्रण समिती आली. गावातला एखादा रस्ता दुरुस्त करायचा तरी किती टेबले फिरावी लागतात, हे लक्षात ठेवल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्यामागे मुंबईतल्या पर्यावरणवाद्यांनी न्यायालयात अनेक वर्षे लावून धरलेला लढा होता. नगरपरिषदेच्या हद्दीत मोटारवाहतूक नको, अपवाद रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडीचा, हा त्यातला सर्वांत ठळक नियम. मोटारबंदी इथे आधीपासून रूढ होती, अधिसूचनेने तिला कायद्याचे बळ दिले.

ही बंदी योग्य होती असे माझे ठाम मत आहे, आणि ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या टीकेचा गैरसमज होणार नाही. दस्तुरीच्या पुढे मोटारी गेल्या असत्या तर आज तिथे झाडांखाली वाहनतळ दिसले असते. पण ही बंदी मोटारीवर होती. घोडा आणि माणसाने ओढायची गाडी तिच्यात बसत नव्हती, म्हणून दोन्ही चालू राहिली. जंगल वाचवायचा भार कोण उचलणार, हे कोणी लिहून ठेवले नाही, आणि तो सरळ हातरिक्षावाल्याच्या खांद्यावर गेला.

अडचण नेमकी काय होती

गावात हातरिक्षांचे परवाने ९४ आणि प्रवासी व मालवाहू मिळून घोडे सुमारे ४६०. गॅसच्या टाक्या, भाजी, सिमेंट, हॉटेलच्या गाद्या, सगळे दस्तुरीवरून घोड्यांच्या पाठीवर किंवा हातगाडीवर गावात येते.

९४ परवाने म्हटले की ९४ माणसे डोळ्यासमोर येतात, आणि इथेच पहिली चूक होते. एका गाडीला तिघे धरले तर सगळ्या गाड्या रस्त्यावर असताना अडीचशेच्या वर माणसे लागतात. परवाना ज्याच्या नावावर आहे तो स्वतः ओढतोच असे नाही, आणि जो ओढतो त्याच्या नावाचा कागद कुठे असतोच असे नाही. प्रकरणाच्या शेवटापर्यंत हा गुंता सुटला नाही.

दुसरी अडचण गावकऱ्यांची होती. पर्यटकाला चालणे म्हणजे मौज. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा खाली जाणाऱ्याला, दिवस भरत आलेल्या बाईला, गुडघे गेलेल्या आजीला आणि रोज शाळेत जाणाऱ्या पोराला तेच अंतर वेगळे वाटते. रुग्णवाहिका अपवादात बसते, पण वृद्धाला बँकेत जायचे असेल तर तो रुग्ण नव्हे. या माणसांनी हातरिक्षा रोज परवडत नाही म्हणून किती कामे पुढे ढकलली असतील, याची नोंद कोणत्याच अहवालात सापडत नाही.

तिसरी अडचण रेल्वेची. नेरळ–माथेरान गाडी चालू असली की दस्तुरीवरचा ताण हलका होतो. पण २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला आणि तो परत सुरू व्हायला २००७ उजाडले. मे २०१६ मध्ये लागोपाठ दोनदा डबे घसरले आणि गाडी थांबली. २०१९ च्या पावसाने पुन्हा रूळ उखडले, आणि नेरळहून गाडी वर यायला ऑक्टोबर २०२२ लागला. पावसाळ्यात तर घाटातली गाडी दरवर्षीच बंद असते, तेव्हा फक्त अमन लॉज ते माथेरान अशा फेऱ्या होतात. गाडी बंद पडली की तेवढी माणसे घोड्यावर आणि हातरिक्षावर येतात. एका खात्याचे रूळ तुटले की दुसऱ्याच माणसांच्या पाठी वाकतात, आणि त्याचा हिशेब रेल्वेच्या वहीत येत नाही.

समोर असलेले पर्याय

आहे तसे चालू द्यावे, हा पहिला पर्याय. प्रशासनाला तो कायम सोयीचा होता, कारण त्यात काहीच करावे लागत नाही. त्याच्या बाजूने एक प्रामाणिक मुद्दाही होता: हातरिक्षा बंद केली तर त्या घरात चूल कशी पेटणार? हा प्रश्न ओढणाऱ्यांनीच सर्वांत आधी विचारला, आणि तो टाळून कोणालाही पुढे जाता आले नसते.

दुसरा पर्याय, अमन लॉजवरून रेल्वेच्या फेऱ्या वाढवणे. पर्यावरणाच्या अंगाने हाच सर्वांत सरळ मार्ग होता, कारण रूळ आधीच आहेत आणि नवा रस्ता लागत नाही. पण गाड्या, डबे आणि वेळापत्रक मध्य रेल्वेच्या हातात. नगरपरिषद विनंती करू शकते, आदेश देऊ शकत नाही. शिवाय रेल्वे वाढली तर हातरिक्षावाल्याच्या हाती काही येत नाही, उलट आहे तेही जाते.

रोपवेची चर्चाही बरीच वर्षे आहे. ती मोठ्या भांडवलाची गोष्ट, आणि या तिघांच्या रोजच्या प्रश्नाशी तिचा संबंध दूरचा, म्हणून इथे बाजूला ठेवतो.

उरली ई-रिक्षा. धूर नाही, आवाज कमी. केंद्राच्या नियमांत तिला चार प्रवासी, ४००० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग, अशी चौकट आहे. हातरिक्षा संघटनेने ही मागणी अनेक वर्षे लावून धरली होती: आमची ओढायची गाडी घ्या, आम्हाला चालवायची गाडी द्या. मागणी नीट वाचली तर तिचे दोन भाग दिसतात. एक, गाडी बदला. दोन, ती आम्हाला द्या. सरकारी कागदांवर पहिला भाग लवकर पोचला आणि दुसरा मागे राहिला.

विरोधही समजून घ्यायला हवा. घोडेवाले म्हणत, आज ई-रिक्षा, उद्या त्याच रस्त्याने मोटार. शिवाय त्यांच्या पोटावर थेट पाय येत होता, कारण ई-रिक्षाचे गिऱ्हाईक आणि घोड्याचे गिऱ्हाईक बरेचसे एकच. पर्यावरणवाद्यांना धास्ती रस्त्याची होती. ई-रिक्षा मातीच्या खड्ड्यांतून नीट चालत नाही, तिला पक्का पृष्ठभाग लागतो, आणि पक्का रस्ता झाला की पुढच्या मागण्या थोपवता येत नाहीत. ही भीती पोकळ नव्हती. डोंगरावरच्या कुठल्याही गावात रस्त्याचा इतिहास असाच आहे.

पहिला निर्णय: आधी चाचणी

अधिसूचना केंद्राची असल्याने नगरपरिषदेला स्वतःच्या ठरावाने ई-रिक्षा आणता येत नव्हती. विषय सर्वोच्च न्यायालयात गेला, तोही १९९५ पासून चाललेल्या टी. एन. गोदावर्मन या देशभरातल्या जंगलांच्या प्रकरणात. एका गावातल्या अडीच-तीन किलोमीटर वाहतुकीचा निकाल देशाच्या वनखटल्यातून यावा लागला. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षाला परवानगी दिली.

५ डिसेंबर २०२२ ते ४ मार्च २०२३ असे तीन महिने सात ई-रिक्षा धावल्या. भाडे पर्यटकाला ३५ रुपये, शाळकरी मुलाला ५ रुपये. आदल्या आठवड्यापर्यंत पाठीवर दप्तर घेऊन चालणारी मुले गाडीत बसून शाळेला जाऊ लागली. वृद्धांना दवाखाना आणि बँक जवळ आली. चाचणी कशासाठी घ्यायची असते? गाडी चढ चढते का, बॅटरी किती फेऱ्या टिकते, रस्ता किती झिजतो, हे बघायला. तेवढे या तीन महिन्यांत बऱ्यापैकी कळले.

पण चाचणी नगरपरिषदेच्या व्यवस्थेत झाली. हातरिक्षावाल्याच्या नावावर गाडी दिली तर तो ती चालवू शकतो का, देखभाल करू शकतो का, दिवसाअखेरी त्याच्या हातात आधीपेक्षा जास्त उरते का, हे तपासलेच गेले नाही. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महागडी चूक ही. सातपैकी तीन गाड्या जरी पहिल्या दिवसापासून ओढणाऱ्यांच्या ताब्यात दिल्या असत्या, तर पुढच्या दोन वर्षांचा वाद आकड्यांवर झाला असता.

४ मार्चला मुदत संपली आणि गाड्या थांबल्या. पुढचा आदेश हाती नसल्याने गाव रातोरात जुन्या व्यवस्थेत परतले, मुले पुन्हा चालू लागली. लोकांना सोय दाखवून ती काढून घेतली की जो राग येतो, तो आधीच्या अभावाच्या रागापेक्षा तिखट असतो. चाचणी सुरू करतानाच ती संपल्यावर काय, याचा अर्ज तयार हवा होता.

दुसरा निर्णय: रस्ता

दरम्यान रस्त्याचे काम वेगळ्या फायलीतून चालले होते. माथेरानची माती जांभ्याची. चार महिने कोसळणारा पाऊस ती धुऊन नेतो, झाडांची मुळे उघडी पडतात, आणि उन्हाळ्यात घोड्यांच्या लिदीची धूळ त्याच मातीत मिसळून नाकातोंडात जाते. धूप थांबवायची म्हणून पेव्हर ब्लॉक बसवायला सुरुवात झाली. त्यावर आक्षेप आला: काँक्रीटचे ब्लॉक पाणी मुरू देत नाहीत आणि निसर्गस्थळाला शहरी गल्लीचे रूप देतात. घोडेवाल्यांची तक्रार आणखी नेमकी होती. नाल मारलेला खूर ब्लॉकवर घसरतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने हे काम थांबवले. पुढे आयआयटी मुंबईकडून अभिप्राय मागवला गेला, आणि काँक्रीटऐवजी मातीच्या भाजलेल्या ब्लॉकचा विचार सुरू झाला.

धूप थांबवण्याची फाईल एकीकडे आणि ई-रिक्षाची दुसरीकडे, असे दोन विषय कागदावर वेगळे राहिले. रस्त्यावर ते एकच होते. घोडा, ई-रिक्षा, पायी चालणारा आणि पावसाचे पाणी, चौघे त्याच अडीच-तीन किलोमीटरवर. एका बाजूला मातीची पट्टी घोड्यासाठी ठेवावी, उरलेल्या भागात पाणी मुरेल असा पृष्ठभाग, कडेला जुन्या पद्धतीची दगडी गटारे, असा आराखडा घोडेवाले आणि हातरिक्षावाले यांना एकत्र बसवून करता आला असता. तो न केल्यामुळे रस्ता हाच भांडणाचा विषय झाला आणि ओढणाऱ्याचा प्रश्न त्यामागे झाकला गेला.

तिसरा निर्णय: वीस गाड्या कोणाला

जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट केली. ई-रिक्षा सध्याच्या हातरिक्षावाल्यांनाच द्यायच्या, त्यांचा रोजगार जातो त्याची भरपाई म्हणून. त्याच वर्षी संख्या वीसवर मर्यादित झाली. संघटनेच्या मागणीतला दुसरा भाग अखेर आदेशात आला.

वीस हा आकडा पर्यावरणाच्या बाजूने सावध होता. रस्त्यावर त्याचा अर्थ काय होतो? एक फेरी, जाऊन-येऊन, चढ-उतार आणि माणसे बसण्या-उतरण्यासह, पाऊण तासाची धरू. वीस गाड्या तासाला सव्वीस-सत्तावीस फेऱ्या करतील, चार माणसांप्रमाणे तासाला शंभरच्या आसपास. आठ तास एकही गाडी न थांबता चालली तरी साडेआठशे. बॅटरी चार्जिंगचा वेळ वजा केला की त्याहून कमी. शनिवार-रविवारी दस्तुरीवर उतरणारी गर्दी यात बसत नाही. म्हणजे रांग लागणार. रांग लागली की पर्यटक घोड्याकडे आणि हातरिक्षाकडे वळणार. बंद करायची म्हटलेली गोष्ट वीस गाड्यांच्या हिशेबातच चालू राहणार होती. हा हिशेब कागदाच्या पाठीवर दहा मिनिटांत होतो, आणि तो न्यायालयापुढे मांडणे हे स्थानिक प्रशासनाचे काम होते.

वाटपाचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. ९४ परवाने, २० गाड्या. कोणाला आधी? सर्वांत जुना परवाना ज्याच्याकडे, त्याला? वयाने मोठा, त्याला? की आज खरोखर ओढतो, त्याला? आणि ज्याच्या नावावर परवाना नाही पण जो वीस वर्षे मागून ढकलतो, त्याचे काय? गाड्या खऱ्या ओढणाऱ्यांपर्यंत गेल्या नाहीत, अशा तक्रारी न्यायालयापर्यंत पोचल्या आणि त्यांच्या चौकशीचे काम न्यायिक अधिकाऱ्याकडे सोपवावे लागले.

इथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी. राज्यातल्या अनेक नगरपरिषदांप्रमाणे इथेही निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपून गेली होती आणि निवडणूक लांबत चालली होती. ई-रिक्षाचे मोठे निर्णय झाले ते प्रशासकाच्या काळात. प्रशासक प्रामाणिक असू शकतो, कार्यक्षमही असू शकतो. पण चौकात उभे राहून "तुझे नाव यादीत का नाही ते मी सांगतो" असे म्हणणारा नगरसेवक तेव्हा नव्हता. वाटपासारखा निर्णय जिथे प्रत्येकाचे तोंड ओळखीचे आहे तिथे उघड सभेत झाला पाहिजे. तो कार्यालयात झाला की यादी बरोबर असली तरी लोकांना ती चुकीची वाटते.

दस्तुरीवरची फसवणूक

मूळ प्रकरणाला समांतर आणखी एक भांडण वाढत होते. दस्तुरीवर उतरलेल्या नवख्या पर्यटकाला "गाडी बंद आहे, ई-रिक्षा नाही, घोडाच घ्यावा लागेल" असे सांगून जास्त पैसे उकळले जातात, अशा तक्रारी वाढल्या. हॉटेलवाले, दुकानदार आणि इतर रहिवाशांनी १८ मार्च २०२५ पासून बेमुदत बंद पुकारला. दुसऱ्या दिवशी चर्चा होऊन तो मिटला.

हे वरवर वेगळे वाटले तरी मूळ तेच आहे. गाड्या कमी, माहिती अपुरी, आणि मधल्या जागेत दलाल. रेल्वेची पुढची फेरी किती वाजता, ई-रिक्षाचे भाडे किती, रांग कुठे, घोड्याचा दर काय, हे मराठी, हिंदी आणि गुजरातीत मोठ्या फलकावर दस्तुरीच्या कमानीपाशी असते तर निम्मी फसवणूक तिथेच थांबली असती. फलकाला ना केंद्राची परवानगी लागते ना न्यायालयाची. नगरपरिषदेच्या हातात जे थोडे होते, त्यातलेही सगळे वापरले गेले नाही, हे मला सर्वांत जास्त बोचते.

निष्पत्ती

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीशांच्या नेतृत्वाखालील तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढण्याची पद्धत मानवी प्रतिष्ठेच्या विरोधात आहे आणि ती चालू ठेवणे म्हणजे राज्यघटनेने दिलेल्या सामाजिक-आर्थिक न्यायाच्या वचनाला कमीपणा आणणे, असा त्याचा आशय. माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करायच्या. गुजरातमधल्या केवडियाच्या धर्तीवर सरकारने ई-रिक्षा विकत घ्याव्यात आणि खऱ्या ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात. खरे ओढणारे कोण, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या सनियंत्रण समितीने ठरवायचे, आणि किती गाड्या लागतील तेही तिथली प्रत्यक्ष गरज बघून. त्यातून गाड्या उरल्या तर त्या आदिवासी महिला आणि इतरांना. पैसे नाहीत, ही सबब चालणार नाही. रस्त्याबद्दल मधला मार्ग काढला: दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक चालतील, आतले रस्ते आणि पायवाटा मातीच्याच राहतील.

निकालात न्यायालयाने १९८० च्या एका जुन्या निवाड्याची आठवण काढली. अमृतसरच्या आझाद रिक्षा पुलर्स युनियनचे ते प्रकरण. पंजाब सरकारने १९७५ मध्ये कायदा केला की सायकल रिक्षाचा परवाना चालवणाऱ्याच्याच नावावर मिळेल. हेतू चांगला, पण चालवणाऱ्याकडे रिक्षा घ्यायला पैसेच नव्हते. तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा रद्द न करता बँकेकडून कर्ज मिळण्याची व्यवस्था निकालातच बसवून दिली. पंचेचाळीस वर्षांनी माथेरानला तोच प्रश्न आला. अमृतसरच्या निकालातल्या कर्जाच्या जागी इथे भाड्याची गाडी आली, एवढाच फरक.

भाड्याची पद्धत मला मालकीपेक्षा इथे अधिक बरी वाटते. घाटमाथ्यावरच्या पावसात बॅटरीचे आयुष्य लवकर संपते, आणि नव्या बॅटरीचा खर्च एकट्या चालकाला पेलणारा नाही. गाडी सरकारची असेल तर तो खर्च त्याच्या डोक्यावर येत नाही. शिवाय चालकाला गाडी विकताच येत नसेल तर अशा गाड्या विकत घेऊन दहा जणांना भाड्याने लावणारा नवा मालक तयार होत नाही. पण हे तेव्हाच खरे, जेव्हा रोजचे भाडे ठरवताना चालकाच्या हातात किती उरले पाहिजे तो आकडा आधी धरला जाईल आणि भाडे त्याच्या मागून काढले जाईल.

काय वेगळे करता आले असते

२००३ च्या अधिसूचनेनंतर लगेच, मोटार बंद म्हणजे माणसाचा भार किती वाढेल, याचा अंदाज घेऊन रेल्वेशी लेखी करार करता आला असता: घाटात गाडी बंद पडली तर अमन लॉजच्या फेऱ्या अमुक दिवसांत वाढतील, एवढाच. तसा करार असता तर २०१६ आणि २०१९ नंतरचा ताण निम्म्यावर आला असता, असे मला वाटते.

घोडेवाल्यांना विरोधक म्हणून एका बाजूला ठेवले गेले, हेही चुकले. ४६० घोड्यांवर गावातली कितीतरी घरे चालतात. दस्तुरी ते बाजारपेठ हा पट्टा ई-रिक्षाला आणि पॉइंटांच्या फेऱ्या घोड्याला, अशी वाटणी दोन्ही बाजूंना बसवून मांडली असती तर काही जण तरी तयार झाले असते. पॉइंटांच्या वाटांवर ई-रिक्षा जाणारच नाही, हे न्यायालयाने सांगण्याआधी गावाने लिहून दिले असते तर "उद्या मोटार" या भीतीतली बरीच हवा गेली असती.

वयाचाही विचार हवा होता. आयुष्यभर गाडी ओढलेला पन्नाशीचा माणूस कधी स्टिअरिंगला बसलेला नसतो.  शिकाऊ परवाना, सराव, दृष्टीची तपासणी, हे सगळे निकालाने दिलेल्या सहा महिन्यांत उरकायचे होते. हे शिकवणीचे काम २०२२ च्या चाचणीच्या वेळीच सुरू करता आले असते, आणि जे चालवू शकणार नाहीत त्यांना चार्जिंग स्थानकावर, रांगेच्या व्यवस्थेत, तिकीट खिडकीवर काम देता आले असते.

आणि सर्वांत आधी करायची गोष्ट सर्वांत स्वस्त होती. दस्तुरीच्या हातरिक्षा तळावर एक वही. रोज कोणत्या क्रमांकाची गाडी निघाली, पुढे कोण होता, मागे कोण दोघे होते, एवढे लिहायचे, नगरपरिषदेच्या माणसाने शिक्का मारायचा. अगदी २०२२ पासून जरी ती वही भरली गेली असती, तर खरा ओढणारा कोण हे ठरवायला न्यायिक अधिकारी लागला नसता. परवाना ज्याच्या नावावर त्याचा कागद सरकारदरबारी आहे. मागून ढकलणारे जे दोघे उताराला गाडी खेचून धरतात, त्यांच्याकडे आजही दाखवायला हातांवरच्या घट्ट्यांशिवाय काही नाही, आणि समितीच्या टेबलावर यादी तयार होते ती कागद बघून.